भिंतीवरचा खर्डा

बन्सीने पत्रात बायकोला साफ बजावलं होतं, "तुझी सगळी पत्रं एकसारखी. तुझ्या मनातलं लिही, तरच गावाकडं येतो." श्रीरामपूरच्या बाजारात हमालीला गेलेला हा गडी आठ महिने घराकडे फिरकला नव्हता. सासूला पत्र वाचून दाखवताना चांगुणाने ती ओळ गिळून टाकली. रतनबाईला वाचता येत नसे, पण पत्र सांगायची तीच आणि सून लिहायची: इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे.

आता मनातलं लिहायचं म्हणजे आधी मनात काय आहे ते तरी कळायला हवं! घरात आंतर्देशीय पत्र एकच. म्हणून सासू टँकरच्या पाण्याला गेल्यावर चांगुणाने चुलीतला कोळसा घेतला आणि ओसरीच्या कोपऱ्यातल्या हातभर रुंद भिंतीवर पत्राचा कच्चा खर्डा लिहिला. नंतर शेणाने सारवलं की झालं. पहिल्या दोन ओळी खुशालीच्याच आल्या. त्या तिने रागाने खोडल्या आणि मग हात असा सुटला, की भिंत संपेपर्यंत थांबला नाही.

सारवायला म्हणून वळली, तर शेणाची पाटी रिकामी. बाहत्तरचा दुष्काळ. जनावरं छावणीत, शेण आणायचं कुठून? रांजणात तांब्याभर पाणी, तेही प्यायचं. तिने पदराने पुसून पाहिलं. पदर काळा झाला, अक्षरं होती तिथेच राहिली. शेवटी तिने खुंट्यांना गोधडी टांगली.

तेवढ्यात सासू आलीच. बरोबर तिचा भाऊ सहादेव. सातवी पास, आणि रस्त्यावरची पाटीसुद्धा मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे न जाणारा.

"सहादूला बसाया व्हईल," म्हणत रतनबाईने गोधडी ओढली. चांगुणा झटकन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"अगं, च्या ठेव की."

"पाठ लई दुखतीया, आत्याबाई. हलवत न्हाई."

"कवापासनं?"

"सकाळधरनं. गरगरतंय बी."

रतनबाईने बोटांवर महिने मोजले आणि तिचा चेहरा उतरला. "बन्सी तर शिमग्यापासनं आला न्हाई," ती भावाला म्हणाली, "आन् हिला गरगरतंय!"

भिंत झाकावी तर अब्रू जाणार. डोळे मिटून चांगुणा बाजूला झाली.

सहादेवने खड्या आवाजात वाचलं, "'आत्याबाईंना माझी एक भाकर धड वाटत न्हाई. पण रोज यष्टीच्या वक्ताला शेळी बघाया जाते म्हणत फाट्यावर जाऊन बसत्यात. शेळी तर दसऱ्यालाच इकली. तुमी उतरत न्हाई, त्या गुमान माघारी येत्यात. मला त्यांच्याकडं बघवत न्हाई.'"

सासू आता अंगावर येणार म्हणून चांगुणा दाराकडे सरकली.

"कागद घे," रतनबाई म्हणाली. "लिही. मेल्या..."

"चिरंजीव न्हाई का लिहायचं, आत्याबाई?"

"मेल्या! आठ म्हैने डोळं लावून बसलोय. तोंड दाखव, न्हाईतर तितं येऊन मुकादमाम्होरं कान धरून आनते का न्हाई बघ!" रतनबाई सांगत गेली, मधूनच डोळे पुसत गेली. चांगुणालाही रडू आलं. कागद काठोकाठ भरला. तिला स्वतःचा एक शब्द लिहायला जागा उरली नाही.

पाचव्या दिवशी बन्सी दारात हजर.

"मेल्या म्हनलीस, तवा माझा जीव थंड झाला बघ," तो चांगुणाला म्हणाला. "आई सांगती तसलं गुळमुळीत न्हाई. ह्यो खरा तुझा आवाज!"

चांगुणाने सासूकडे पाहिलं. रतनबाई पाठमोरी बसून विझलेली चूल जोरजोराने फुंकत होती.