मेथी, अंडं आणि खळ

तारामावशी माणसाचा चेहरा लक्षात ठेवत नसे. केस ठेवत असे. आमच्या आळीत नवा पोस्टमन आला, तेव्हा ती मला म्हणाली, "तो कोंडेवाला तुझं पाकीट देऊन गेला." पुढे महिनाभर तो बिचारा आळीभर 'कोंडेवाला' होता. शेवटी मावशीने त्याला ओट्यावर बसवून डोक्याला दही फासलं, आणि त्या दिवशी अर्ध्या जरीपटका वस्तीला टपाल मिळालं नाही.

मावशी आमची शेजारीण. मुलींच्या शाळेत आया. रविवारी तिच्या ओट्यावर बायकांची रांग लागे. भिजवून वाटलेली मेथी, अंडं, दही; हे मिश्रण ती डोक्यावर असं थापायची, की भिंत लिंपतेय असं वाटावं. वर तोंडाचा पट्टा सुरूच. "सलून गेलं चुलीत! रामदासपेठेतल्या मेमा याच्याहून काय वेगळं लावून राहिल्या?"

मी त्या काळी पत्रकं लिहीत असे. वेणीफणी ही बाईच्या गुलामीची पहिली साखळी आहे, असं माझं छापील मत होतं. मताला जागून मी केसांना तेल लावत नसे.

"काहून वं, डोक्शावर घरटं बांधलं काय?"

"मावशी, मले क्रांती करायची आहे."

"कर ना मंग! मी कुठं नाही म्हणून राहिली? पण तेल लावून कर."

मावशीचं स्वतःचं डोकं मात्र कायम पदराखाली. त्याला कारण होतं तिची एकुलती लेक, ललिता. तिचे गुडघ्यापर्यंतचे केस मावशीने जिवापाड वाढवले होते. बिलासपूरला नोकरी लागली आणि निघण्याआधी ललिता सलूनमध्ये जाऊन ते खांद्यापर्यंत कापून आली. मावशीने तिच्याशी बोलणं टाकलं, आणि स्वतःच्या केसांची निगाही. तीन वर्षं झाली. ललिताची बाजू घेऊन मी एक जळजळीत पत्रक काढलं. मावशीने त्यावर मेथी वाळत घातली.

आणि एक दिवस पोस्टकार्ड आलं, 'रविवारी येते.'

"येऊ दे. मले काय करायचं हाये?" मावशी म्हणाली. पण रविवारी सकाळी ती स्वतःचे केस सोडून बसली.

त्याच सकाळी मला इतवारीत महागाईविरोधी मोर्चाची पोस्टरं लावायची होती. घरातलं रॉकेल संपलं होतं, म्हणून चिकटवायला मैद्याची खळ मी मावशीच्या शेगडीवर शिजवली आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात भरली. मावशीच्या मेथीचा डबाही तसाच, शेजारीच. मी घाईत एक उचलला.

इतवारीत पोस्टरं लावून पन्नास पावलं गेले नाही, तोच क्रांती भिंतीवरून घसरू लागली. मेथीच्या वासाने दोन बकऱ्या धावल्या. एकीने 'महागाई' खाल्ली, दुसरीने 'हटाव'.

मी धापा टाकत परतले. मावशी चष्म्याशिवाय उन्हात बसली होती. डोक्यावर खळ वाळून कडक झालेली. बोटाने वाजवलं तर टकटक आवाज आला.

"मावशी, ही माझी खळ आहे!"

"तरीच! म्हटलं, आज पकड लय चांगली आली."

एवढ्यात दारात रिक्षा थांबली. ललिता उतरली, केस अजून खांद्यापर्यंतच. तिने आईचं डोकं पाहिलं. मग ललिता फिस्सकन हसली. "हे काय करून ठेवलं वं माय?"

मावशीने तोंड फिरवलं आणि लेकीकडे पाठ केली. "दिसत नाही काय?"

ललिताने पिशवी खाली ठेवली, आईच्या मागे बसली आणि बोटांनी एक बट सोडवायला घेतली. एका बटेलाच पाच मिनिटं गेली.

मी म्हणाले, "अवं, कोमट पाण्यानं खळ लगेच..."

मावशीने माझ्या पोटरीला सणसणीत चिमटा काढला. "हिले काही समजत नाही," ती लेकीला म्हणाली. "पाणी लागलं का अजून घट्ट बसते ते. तू हातानंच काढ. सावकाश."

असत्यापुढे गप्प बसू नका, असं मी तोवर किमान सहा पत्रकांत लिहिलं होतं. मी गप्प बसले.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा ललिता कानामागच्या बटेपर्यंत पोचली होती. मावशी डोळे मिटून विचारत होती, "तिकडच्या पाण्यानं केस गळत तर नाही ना वं तुहे?"