इनासभाऊंचं कागदी काडतूस

इनासभाऊ नव्या माणसाला आधी नखशिखांत न्याहाळत आणि मग दोनपैकी एक निकाल देत, ‘पितळी’ किंवा ‘कागदी’. मला त्यांनी कागदी ठरवलं होतं. नंदाखाल गावी त्यांच्या आणि माझ्या वाडीत नुसतं कुंपण, त्यामुळे हा निकाल मी येता-जाता ऐकून घेत असे.

हे सगळं बंदुकीपायी. चिकूवर उतरणाऱ्या वटवाघळांसाठी त्यांनी परवान्याची बंदूक ठेवली होती आणि उडवलेली काडतुसं ते घरीच पुन्हा भरत. ओटीवर रिकामी काडतुसं मांडायची, मागे ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारू, तिच्यावर जुन्या घोंगडीची चकती, मग छर्रे. हात चाले तसं तोंडही चाले.

“कागदी दिसायला ऐटबाज. लालबुंद! पन दोन बार काढले का तोंड जळतं. आनि आपली ही खारी हवा. एका पावसात फुगतं, मग नळीत शिरत नाय. पितळी बघ, घासलं का नवं!”

पाद्रीबाबांच्या प्रवचनावर त्यांचं मत असे, “टोपी उडाली, दारू ओली निघाली.” एका नवरदेवाला तर त्यांनी त्याच्या सासऱ्याच्या कानात, म्हणजे अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, कागदी ठरवलं होतं.

अशा माणसाच्या तांदळाच्या कणगीत मला एकदा एक लाल कागदी काडतूस दिसलं. चोर पकडल्याचा आनंद झाला मला.

“इनासभाऊ, हे काय? तुमच्या घरात कागदी?”

ते हसले नाहीत. ते का हसले नाहीत, हे त्यांनीच मग सांगितलं.

त्यांचा एकुलता एक पेद्रू लढाईच्या दिवसांत बोटीवर नोकरीला गेला. बोटीवरचा माणूस परतला की वाडीच्या दारात बार काढायचा, ही त्या घरची रीत. निघण्याआधी पेद्रूने आपल्या परतीचं काडतूस आपल्याच हाताने भरलं. बाप म्हणाला, पितळी घे. तो हसला, “बाबा, कागदी पुरे. तवर येतोच मी.”

पुढे बोट बुडाल्याची खबर आली. पाद्रीबाबांनी देवळात त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा केली. त्याच दुःखात त्याची आई गेली. इनासभाऊ मात्र दर पावसाळा सरला की ते काडतूस नळीत घालून बघत. शिरलं की ओल लागू नये म्हणून समाधानाने पुन्हा कणगीतल्या तांदळात ठेवत.

एका वर्षी मी शिडी मागायला गेलो, तर ते उघडी बंदूक मांडीवर घेऊन बसलेले. काडतूस फुगून नळीच्या तोंडाशीच अडत होतं. ते बाहेर काढत, पुसत, पुन्हा लावून बघत.

मला बघवेना. म्हणालो, “आतली दारू काढून पितळीत भरा ना. तुम्हाला काय अवघड आहे?”

“भरीन की. पन मग ते मी भरलेलं होईल. त्याने भरलेलं कुठे राहील?”

शिडीचं मी विसरूनच गेलो.

“पितळी घे म्हटलेलं मी त्याला,” ते म्हणाले.

मग उठून त्यांनी कणगीत कोपरापर्यंत हात घातला, ते काडतूस तांदळात खोल पुरलं आणि वरचे तांदूळ हलक्या हाताने सारखे केले.