आत्याबाईंचं भिंग गेलं कुठं?

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. हे मी गर्वानं नाही, पुराव्यानिशी सांगते! आमचा शार्दूल दहा महिन्यांचा आहे. एवढ्यात त्याच्या तोंडातून मी एक बटण, दोन मुंग्या (पैकी एक जिवंत), राशिभविष्याचा अख्खा कन्या-तूळ भाग आणि त्याच्या बाबांच्या चपलेचा पट्टा वेळेवर बाहेर काढलाय. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र होतं ना माझं! बाकीच्या बायकांना फरशी दिसते, मला जंतू दिसतात.

म्हणून आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ठरलं तेव्हा मी जाहीरच केलं, "ऑपरेशन डॉक्टर करतील, पण डोळा सांभाळणार मी!"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सारजाबाई, लासूर स्टेशनच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला, की गेल्या भाऊबीजेला दारात उभ्या कुरियरवाल्याला त्यांनी भाऊ समजून ओवाळलं. बिचाऱ्यानं ताटात दहा रुपये टाकले! तरी ऑपरेशनचं नाव काढलं की हात झटकायच्या. तीन महिने मनधरणी केली, तेव्हा कुठं अट घालून तयार झाल्या.

"एक डोळा करते. नीट झाला तर दुसरा. नाय झाला, तर पुन्हा नाव काढायचं नाय. अन् दोष समदा तुझा!"

म्हणजे एका डोळ्यावर दोन डोळे आणि माझी अब्रू, तिन्ही टांगलेली!

ऑपरेशन झकास झालं. वीस मिनिटांत मोतीबिंदू बाहेर आणि त्याच्या जागी मसुरीच्या डाळीएवढं पारदर्शक भिंग आत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून काळा चष्मा दिला. मी लगेच फ्रिजवर तक्ता चिकटवला : थेंब चार वेळा, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, धूर नाही, शिंक नाही.

"शिंक काय मला इचारून येती का?" आत्याबाई म्हणाल्या.

"येतेय असं वाटलं की मला आधी सांगायचं!"

तिसऱ्या दिवशी लासूरहून सकाळच्या गाडीनं द्वारकाबाई आल्या. या आत्याबाईंच्या धाकट्या जाऊबाई. खास डोळा बघायला! आल्या आल्या त्यांनी आत्याबाईंचा चष्मा वर केला आणि बाजारात वांगं निवडावं तसा डोळा निरखला.

"सारजाअक्का, भिंग दिसत नाय की वो!"

"ते आत असतं, काकू," मी म्हटलं.

"आत असलं तर भायेरचं कसं दिसंल?"

या प्रश्नाला बी.एस्सी.त उत्तर नव्हतं.

दुपारचा फराळ झाला. मी शार्दूलचा लंगोट बदलायला आत गेले. तीन मिनिटं! फक्त तीन मिनिटं नजर हटली, तर नाकात काहीतरी झोंबलं. बाहेर धावले. द्वारकाबाईंनी आत्याबाईंवरून मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या उतरवून तापल्या तव्यावर टाकल्या होत्या आणि तो तवा आरतीच्या ताटासारखा हातात धरला होता!

"काकू! धूर!"

"एवढा भारीचा डोळा, नजर नाय लागायची?" त्या खोकत खोकत म्हणाल्या. "अन् बघ, ठसका लागाया लागलाय! म्हंजी नजर नाय लागलेली. लई चांगलं!"

आणि आत्याबाई शिंकल्या. एक नाही, सात! फटाक्यांच्या लडीसारख्या! सातव्या शिंकेला काळा चष्मा उडून टीव्हीखाली गेला.

मग आत्याबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बोट केलं.

"अगं, ते काय चमकतंय तिकडं, उंबऱ्यापाशी?"

मी पाहिलं. गोल. पारदर्शक. मसुरीच्या डाळीएवढं!

"आगं आई आई! भिंग पडलं!" द्वारकाबाईंनी तवा सोडला.

"कुणीही हलू नका!" मी ओरडले.

सगळे थिजले. एकानं तेवढं ऐकलं नाही. माझ्यामागून रांगत आलेला शार्दूल असा सुसाट सुटला, की मी वाकेपर्यंत चिमूट, तोंड आणि घोट, तिन्ही उरकली होती. वर त्यानं दोन्ही दात दाखवून हसून घेतलं!

माझ्या किंकाळीनं शेजारच्या नजमुन्निसा खाला पोळपाट तसाच टाकून धावत आल्या. "क्या हुआ गे?"

"खाला, आत्याबाईंचं भिंग शार्दूलनं गिळलं!"

"या अल्ला! अब दादी कू दिखेगा कैसा?"

"अन् पोराला आतलं दिसंल का काय?" द्वारकाबाईंना वेगळीच काळजी.

भिंग एक, पेशंट दोन! लहान मुलांच्या डॉक्टरांकडं जायचं की डोळ्यांच्या? नवऱ्याला फोन लावला, तर तो चितेगावच्या कंपनीत मशीनवर. त्याला घरघरीत एवढंच ऐकू गेलं की शार्दूल आणि डोळा. तो तिकडं घाबरला, मी इकडं.

"घाबरू नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "पोराला केळं चार. उद्या सकाळपत्तोर मिळंल. धुऊन बसवतील की!"

ते ऐकल्यावर मात्र मी आत्याबाईंना हाताला धरून थेट जिना उतरले. खालांच्या मुलानं, फारूखनं, रिक्षा काढली. एका हातानं आत्याबाईंचा डोळा झाकलेला, दुसऱ्या हातात शार्दूल, अशी मी जालना रोडवरचा प्रत्येक खड्डा मोजत निघाले.

"अगं सूनबाई, माझं जरा ऐक..."

"बोलू नका आत्याबाई! डोळ्यावर ताण येईल!"

"अगं पण..."

"रडू तर अजिबात नका!"

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काय होतंय पेशंटला?"

"यांच्या डोळ्यातलं याच्या पोटात गेलंय!"

तिनं पेन खाली ठेवलं आणि आम्हाला थेट आत सोडलं.

डॉक्टरांनी आत्याबाईंची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"भिंग जागच्या जागी आहे," ते म्हणाले. "बुबुळाच्या मागं, आत पिशवीत बसवलंय ते. शिंकेनं निसटायला तो काय नथीतला मोती आहे?"

"मग यानं काय गिळलं?"

डॉक्टरांनी शार्दूलकडं पाहिलं. त्याच्या झबल्याच्या बाहीला तसलीच आणखी दोन भिंगं चिकटलेली! त्यांनी चिमट्यानं एक उचलून उजेडात धरलं.

"आज एकादशी. घरी काय केलं होतं?"

"सा... साबुदाण्याची खिचडी."

"मग कढईत अजून शंभरेक भिंगं असतील. बरं, हा दाणा आधी दिसला कुणाला?"

मी गुमान आत्याबाईंकडं बोट केलं.

"किती लांबून?"

"दहा-बारा फूट..."

"आणि कुठल्या डोळ्यानं, आजी?"

"ह्याच की, नव्या!" आत्याबाई उसळल्या. "दुसऱ्यानं मला सूनबाईचं तोंडबी धड दिसत नाय. रिक्षात कवाधरनं सांगाया लागले, बाई, मला समदं दिसतंय, तुझ्या बोटांच्या फटीतनं पार दुकानाच्या पाट्या वाचल्या म्या! तर ही म्हणती, बोलू नका, ताण येईल!"

म्हणजे जे भिंग पडलं असं मी म्हणत होते, त्याच भिंगातून त्यांनी ते पडलेलं पाहिलं होतं! आणि 'तुम्हाला दिसतंय का' एवढं मात्र कुणीच विचारलं नव्हतं. बी.एस्सी.नंसुद्धा!

डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "डोळा उत्तम आहे, आजी. मग दुसरा पुढच्या महिन्यात करायचा?"

मी हात जोडूनच बसले. आत्याबाईंनी नव्या डोळ्यानं मला आधी वरपासून खालपर्यंत, मग खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"करू की," त्या म्हणाल्या. "नक्की करू!"

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

"फक्त सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या, "तेवढे आठ दिवस तू माहेरी जा."