हॉर्नच्या जागी गिअर

शेषरावकाकांच्या गाडीत हॉर्न दाबायला गेलं की गिअर बदलतो.

काका माझे शेजारी, जालन्याच्या एका बियाणे कंपनीतून रिटायर झालेले. गाडी एडसेल, अमेरिकन, त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली. तिचा हॉर्न कधीचाच गेलेला. आणि स्टेअरिंगच्या मधोमध, जिथं आपला हात आपोआप जातो, तिथं गिअरची बटनं.

"बटन दाबलं की मोटर फिरते, मोटर गिअर टाकते. दांडा न्हाई, ओढाताण न्हाई. बिलकुल शहाणी गाडी."

"मग कंपनीनं ती दोन-तीन वर्षांतच बनवायची बंद का केली?" मी विचारायचो.

"लोक तिच्या तोंडाला हसले ना." पुढची जाळी उभी, लांबट; गाडीनं तोंडाचा चंबू केल्यासारखी. "अन् हात जायचा हॉर्नला, पडायचा गिअर. त्यात तिचा काय कसूर?"

उतारावर ते तिला कधी उभी करत नसत. "चढा-उतारावर गिअर सोडवताना मोटरला दम लागतो."

स्टेअरिंग डावीकडे असल्यानं ओव्हरटेक करताना काकांना समोरचा रस्ता दिसायचाच नाही. तो दिसायचा उजवीकडे बसलेल्या शांताकाकूंना. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर. "थांबा, ट्रक हाय... आता काढा जल्दी." आणि पुढच्या गाडीला, "सरका हो, सरका." एमआयडीसीतले टेम्पोवाले हा आवाज ओळखून होते.

हॉर्न बसवून घ्या म्हटलं तर काका म्हणायचे, "बसवलेलाच हाय. सैपाकबी करतो."

"अन् बंदबी पडत न्हाई," आतून काकू.

काकू गेल्या. गाडी ताडपत्रीखाली गेली. खरं सांगतो, पुढं वर्षभर मी त्यांच्या फाटकासमोरून फोन कानाला लावून जात होतो. पलीकडे कुणी नसायचं. काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि न बोलल्याचं ओझं रोज वाढत होतं.

परवा काकांनीच हाक मारली. "गाडीला गिऱ्हाईक आलंय, शहागडचं. दाखवायला न्यायचीय. चलतो का?"

मी उजवीकडे बसलो. अंबडच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी लागली. काका तिच्या मागं बैलगाडीच्या चालीनं. मला पुढचा रस्ता मोकळा दिसत होता. मी गप्प. काकाही माझ्याकडं बघेनात.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाह्यलं ना? एकट्या माणसाची गाडी न्हाई ही. म्हणून काढली इकायला."

घरातही कधी आवाज न चढवलेला मी. काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर आलो आणि ओरडलो, "सरका हो, सरका."

ट्रॉली सरकली.

"काढा काका, मोकळं हाय."

एडसेल निघाली ती निघालीच. शहागड आलं, मागं पडलं, गाडी गोदावरीच्या पुलावर चढली.

"काका, गिऱ्हाईक?"

"आवाज बारीक हाय तुझा," समोर बघत ते म्हणाले. "रोज बसावं लागंल."