गुरुवार, अकरा वाजता

सोमवारी सकाळी गोदामाच्या हेडक्लार्कनी रजेचा अर्ज लिहिला. गुरुवारी अकरा वाजता घरी असावं, एवढीच त्यांची मागणी होती. न्हाणीघरातला नळ तीन आठवडे गळत होता. प्लंबर फक्त गुरुवारी अकरालाच यायचा. बायकोने त्याच्यासाठी दोन रजा घालवल्या होत्या. एकदा तो वायसर विसरला, एकदा पाना.

"आता तुमची पाळी," ती म्हणाली होती. "नाहीतर बादली तुमच्या उशाशी ठेवीन."

कार्यालयात अर्ज इंग्रजीत चालत आणि नेमकी तिथेच मेख होती. गेल्या महिन्यात 'बाय फ्रायडे', म्हणजे शुक्रवारच्या आत पाठवायचा माल कुणीतरी 'अंटिल फ्रायडे' समजून शुक्रवारपर्यंत अडवून ठेवला. गिऱ्हाईक हातचं गेलं. साहेबांनी हुकूम काढला: वेळेचे शब्द सगळ्यांना आलेच पाहिजेत, आणि तपासल्याशिवाय कागद पुढे सरकता कामा नये. शिकवायचं काम हेडक्लार्कच्या गळ्यात पडलं. त्यांनी रोज अर्धा तास घसा कोरडा केला. मंडळी शिकली. जरा जास्तच शिकली.

अर्ज आधी टायपिस्टबाईंनी परत आणला.

"काका, 'अंटिल इव्हनिंग' लिहिलंय. संध्याकाळ किती वाजता संपते?"

"बाई, मला नळ दुरुस्त करायचाय."

"ते खरं हो. पण वेळ नेमकी लिहा, असं तुम्हीच बजावलंत ना?"

त्यांनी 'सहा' लिहिलं. मंगळवारी हजेरीवाल्याने अर्ज अडवला.

"अकराला प्लंबर येणार, तर तुम्ही 'बाय इलेव्हन' घरी हवेत. इथे 'फ्रॉम इलेव्हन' आहे. निघणार कधी?"

"बरं बाबा, दहापासून."

बुधवारी स्टोअरकीपरने बोटं मोजली. "दहा ते सहा, म्हणजे 'फॉर एट अवर्स'. तेवढं तर आपण कामही करत नाही!"

गुरुवारी बारा वाजता अर्ज मंजूर झाला. त्यात एकही चूक नव्हती. हेडक्लार्क घरी पोचले तेव्हा दाराला चिठ्ठी होती: 'येऊन गेलो.' रात्री बायकोने चिठ्ठी वाचली आणि बादली त्यांच्या उशाशी आणून ठेवली.

शुक्रवारी त्यांनी मराठीत एकच ओळ लिहिली: 'येत्या गुरुवारी घरचा नळ दुरुस्त करायचा आहे, दिवसभर येणार नाही.'

"यात काय तपासायचं?" टायपिस्टबाई म्हणाल्या. "कळतंय की."

दहा मिनिटांत अर्ज साहेबांपुढे गेला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि पेन उघडलं.

"वा! किती सरळ लिहिलंय. असं सगळ्यांना यायला हवं. तुम्हीच वर्ग घ्या."

"घेतो, साहेब." सहीसाठी ते कशालाही हो म्हणाले असते.

"सगळे एकत्र मोकळे कधी असतात?" साहेबांनी भिंतीवरच्या वेळापत्रकावर नजर फिरवली. मग पेनला टोपण लावलं.

"गुरुवारी. अकरा वाजता."