आठ नंबरची बादली

"नुसतं वजन नाही हो करणार! एकेक पुडी सोडून बघणार म्हणे," बायको म्हणाली आणि नानांना चहाचा ठसकाच लागला.

ओला कचरा किती, कागद किती, प्लास्टिक किती, हे मोजायला पालिकेनं मजल्यावरच्या दोन्ही घरांना सारख्याच बादल्या दिल्या होत्या. नानांच्या बादलीवर आठ नंबरची चिठ्ठी, समोरच्या आहारतज्ज्ञ बाईंच्या बादलीवर सातची. तीन दिवसांचा कचरा आज उघडायचा होता. याच बाईंनी नानांचं गोड बंद केलं होतं. नाना मात्र गच्चीत चोरून चॉकलेटं हाणत आणि कागद वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीच्या तळाशी दडपत. बायकोला कळलं तर धडगत नव्हती.

बायको आंघोळीला जाताच नानांनी ती पुडी उपसली, समोरच्या दारातल्या बादलीत खुपसली आणि हात धुऊन सभ्य चेहऱ्यानं पेपर वाचत बसले. मग शीळ वाजवत स्वतः आंघोळीला गेले.

दहा वाजता अंगणात ताडपत्री पसरली. बाई दवाखान्यात गेल्या होत्या. सुपरवायझरनं पहिली बादली उपडी केली.

"घर नंबर सात! टाकलेलं अन्न, अर्ध्याहून जास्त!" तो ओरडला. मग दुसरी. "घर नंबर आठ! सालं, कागद, आणि... अबब! चॉकलेटचे चौदा कागद!"

हे झालं कसं? नानांनी भीत भीत बायकोकडे पाहिलं, तर ती पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत होती.

"अहो, गप्प राहा," ती कुजबुजली. "आपल्या बादलीत शिळं फार होतं, लाज वाटली. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी चिठ्ठ्या बदलल्या. हे सगळं बाईंचं आहे!"

नानांचा जीव भांड्यात पडला. "काय सांगतेस! चौदा?"

"बघा की! स्वतः चरते आणि तरी काडीसारखी! मग माझ्याच नवऱ्यानं काय घोडं मारलंय? इतके दिवस बिचारे मन मारून राहिलात. आजपासून तुम्हालाही रोज एक आणणार मी."

नानांचे डोळे भरून आले. "आण गं," ते गहिवरून म्हणाले, "पण निळ्या कागदातलंच आण हं. लालमध्ये बदाम अगदी नावाला असतात."

बायकोनं वळून ताडपत्रीकडे पाहिलं. बारा कागद निळे होते आणि दोन लाल.