तीनदा आपटून दिलेली भेट

आमच्या केडगावच्या गल्लीतले सोपानतात्या कुणालाही भेट देण्याआधी ती तीनदा जमिनीवर आपटतात. एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. कमरेच्या उंचीवरून. बारशाचा खुळखुळा असो, नाहीतर वाढदिवसाला पोरांना वाटायची ज्वारीच्या धाटांची बैलगाडी असो, आपटल्याशिवाय ती दाराबाहेर पडत नाही. चाक निखळलं तर तात्या शांतपणे अख्खी गाडी मोडतात आणि पुन्हा बांधायला बसतात.

तात्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. नोकरी कधीच संपली, सवय संपली नाही. त्यांनी दिलेल्या प्रत्येक वस्तूवर बारीक अक्षरात 'ही बाजू वर' लिहिलेलं असतं आणि शेजारी बाण. माझ्या दहावीच्या निकालाला त्यांनी पेनं ठेवायला पुठ्ठ्याचा डबा दिला, त्यावरही बाण होता. मी तो मुद्दाम उलटा ठेवला तर त्यांनी येता-जाता तीन वेळा सरळ केला.

बाजारातून आणलेली भेट त्यांना चालत नाही. "इकत आनलेली वस्तू दुकानदाराची वळख देती," असं म्हणतात, "आपली न्हाई." लग्न केलं नाही, घरात एकटेच. बाहेरच्या खोलीत जुन्या लग्नपत्रिका, साड्यांची खोकी, ब्लाऊजपीसचे तुकडे आणि मैद्याच्या खळीचं पातेलं. पत्रिकांवरचे गणपती तेवढे वेगळे कापून एका डब्यात ठेवलेले, कारण देवाला घडी घालायची नाही. गल्लीत कुणाकडे काही कार्य निघालं, की आमंत्रण यायच्या आधी तात्यांची खळ शिजायला लागते.

आता माझं सांगते. मी आणि माझ्यासारखी चार-पाच मुलं-मुली लग्नातल्या आहेराविरुद्ध काम करतो. पत्रकं काढतो, गावोगाव वाटतो. टॉवेल-टोपी नावाचा जो प्रकार आपल्याकडे चालतो, तो बंद झाला पाहिजे, हे मी आजही तितक्याच जोरात सांगेन. एक टॉवेल नगरहून निघतो, राहुरीला जातो, तिथून शेवगावला, आणि दोन वर्षांनी घडीसुद्धा न मोडता निघाला तिथंच परत येतो. त्यानं कुणाचं अंग पुसलेलं नसतं. साडी हलकी म्हणून सुनेला वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागतात. याला प्रेम म्हणायचं?

एकदा आमच्या पत्रकांचा एक गठ्ठा उरला. मी तो तात्यांकडे ठेवायला दिला. आठवड्यानं शेजारच्या वहिनींचं डोहाळजेवण होतं. प्रत्येक पाहुणीच्या हातात निघताना एक सुबक चौकोनी डबी, आत दोन पेढे. आणि झाकणावर, घडी बरोबर मधोमध बसवून, ठळक अक्षरात: 'आहेर ही लाच आहे!' ओटीत आलेल्या साड्या अजून कडेला तशाच रचलेल्या होत्या. वहिनींच्या सासूबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

मी तणतणत तात्यांकडे गेले. विचारलं, वाचलं तरी होतं का काय लिहिलंय ते? तात्या म्हणाले, "वाचायचं कशाला? घडी घालायची हुती. पन तुझा कागुद लई चांगला हाय पुढारीनबाई. कडंला फाटत न्हाई." तेव्हापासून ते मला पुढारीणबाईच म्हणतात, आणि पुढचं पत्रक कधी काढणार, याची चौकशी करतात.

मग आमच्याच घरात ताईचं लग्न ठरलं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायचं, यावर मी अडून बसले. आईनं रुसून पाहिलं, मी हटले नाही. पत्रिका द्यायला मीच तात्यांकडे गेले. ते नवी कोरी पैठणीची काठपट्टी पुठ्ठ्यावर बसवत होते. ताईसाठी बांगड्यांची पेटी. आतल्या दांड्यांना मऊ कापड गुंडाळलेलं, काच वाजू नये म्हणून. दोन महिने चाललं होतं म्हणे. मी पत्रिकेवरची ओळ दाखवली आणि सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. एकाचं घेतलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. तात्यांनी ओळीवरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि खळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मला वाटलं, पटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी पप्पा कार्यालयात मला शोधत आले. तात्या येत नाहीत, अंगात कणकण आहे म्हणून निरोप आलाय. "त्यांना ताप नाही," पप्पा म्हणाले. "जा, तूच घेऊन ये. मुहूर्ताला तास आहे." मी स्कूटी काढली. रस्ताभर मनातल्या मनात भांडत होते. एवढा म्हातारा माणूस आणि एका पेटीवरून रुसतो.

तात्या इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, टोपी घालून खाटेवर बसले होते. दाढी गुळगुळीत. पेटी पलीकडे, कागदात बांधून. ताप कुठं आहे म्हणून मी विचारलं. तात्या माझ्याकडे न बघता बहिणीचं सांगायला लागले.

पाथर्डीकडं त्यांची बहीण दिलेली. तिच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा कारखाना सहा महिने बंद होता. मामाचा आहेर म्हणजे भाचीला साडी आणि जावयाला पोशाख. ते काही जुळलं नाही. तरी तात्या एसटीत बसले. अलीकडंच तिसगावला उतरले, स्टँडवर दोन तास बसले आणि उलट्या गाडीनं नगरला परत आले.

"मामानं भाचीला हाताला धरून आनायचं असतं," तात्या म्हणाले. "मंगलाष्टका हुईस्तवर तिच्या मागं उभं ऱ्हायाचं. दुसरंच कोनीतरी उभं ऱ्हायलं. बहिनीनं पुन्यांदा राखी धाडली न्हाई."

हेच तर आम्ही सांगतो तात्या, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पत्रकातला तिसरा परिच्छेद मला पाठ आहे. पण तात्याच पुढं बोलले.

"तुझं समदं बराबर हाय. त्या टायमाला कुनी असला कागुद वाटला असता, तर मी गेलो असतो. पन आनू नका असं तुमी छापलं. तरी या, असं कुटं छापलंय?"

पत्रकाच्या कुठल्याच परिच्छेदात ते नव्हतं. मी म्हणाले, तात्या, पेटी घ्या, चला. ताईला मीच सांगते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. नियम म्हणजे नियम, माझ्यामुळं तुझं लोकांत हसं नको, म्हणाले. कागदात बांधलेली पेटी खाटेखाली सरकवली आणि पायात चपला घातल्या. स्कूटीवर मागं बसले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला धरलं नाही, सीटच्या मागच्या कडीला धरलं.

पोचलो तेव्हा हॉल भरला होता. तात्यांना मी मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि पुढं जायच्या ऐवजी त्यांच्याशेजारीच बसले. आई स्टेजवरून खुणा करत होती. मी नाही गेले.

भटजींनी माइक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मुलीचे मामा."

संगमनेरचे आमचे मामा ताईला हाताला धरून स्टेजकडे निघाले. सनईचा आवाज वाढला. आणि सगळ्यात मागच्या रांगेत सोपानतात्या उठून उभे राहिले. टोपी सारखी केली, सदऱ्याची वरची गुंडी चाचपली, आणि अंतरपाटाकडे बघत ताठ उभे राहिले.

थोड्या वेळानं अक्षता टाकायला सगळा हॉलच उठला, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.